गावातल्या घराची पहिली कार: गिअरची घ्यावी की ऑटोमॅटिक, आणि घेतल्यावर शिकायची कशी

गावात कार घ्यायची म्हटली की सल्ला द्यायला अख्खं गाव असतं, आणि गिअरच्या बाबतीत बहुतेकांचं म्हणणं एकच: "भाऊ, गिअरचीच घ्या. ऑटोमॅटिकचा मिस्त्री आपल्या इकडे भेटत नाही." काही वर्षांपूर्वी हे सोळा आणे खरं होतं. आता अर्धंच खरं आहे. कोणतं अर्धं, ते पहिली कार घेणाऱ्याला नीट कळावं आणि दारात आलेली गाडी घरातल्या चार जणांना चालवता यावी, यासाठी हे लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकचा हिशेब इथे कामाचा नाही. आपल्याकडे सिग्नल नाहीत. पांदण आहे, काळी माती आहे, मे महिन्याचं ऊन आहे, आणि मोठा दवाखाना जिल्ह्याच्या गावाला आहे.

पायरी पहिली: चालवणार कोण, ते ठरवा

बहुतेक घरांत गाडी निवडतो तो घरातला पट्टीचा ड्रायव्हर. ट्रॅक्टर, पिकअप, सगळं त्याच्या हातातलं. त्याला गिअरचा त्रासच नसतो, म्हणून तो गिअरची घेऊन येतो. मग तो वावरात असला किंवा कापूस घेऊन बाजार समितीच्या रांगेत असला की गाडी अंगणात नुसती उभी. मामाजींच्या छातीत दुखायला लागलं, रात्री लेकराला ताप चढला, तर घरात गाडी असून शेजारच्या पोराला हाका मारायच्या. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की माझं मत पक्कं झालंय: गाडी निवडताना घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाचा विचार करा. पट्टीचा ड्रायव्हर कोणतीही गाडी चालवेल.

एक कागद घ्या. घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा: आज चालवतो, शिकायला तयार आहे, किंवा नको म्हणतो. मधल्या गटात कोण आहे ते बघा. तिथे बहुधा सूनबाई असतात, कॉलेजातली लेक असते, कधी शिक्षिका असलेली वहिनी असते. यांच्यापैकी बऱ्याच जणी रोज स्कूटी चालवतात. स्कूटीवालीला रस्त्याची समज आधीच आलेली असते. ट्रॉलीला किती जागा सोडायची, बैलजोडी बुजते तेव्हा हॉर्न का वाजवायचा नाही, हे तिला शिकवावं लागत नाही. तिचं घोडं अडतं ते क्लचपाशी, म्हणजे गिअर बदलताना डाव्या पायानं दाबायच्या पेडलपाशी. अशा घरात ऑटोमॅटिकचा फायदा पहिल्या महिन्यात दिसतो. डावा गुडघा दुखणाऱ्या माणसालाही तेच लागू आहे, कारण ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नाही.

उलट, चालवणारे एक-दोघंच, दोघंही तयार, आणि बजेट ओढाताणीचं असेल तर निश्चिंत मनानं गिअरची घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

पायरी दुसरी: ऑटोमॅटिक म्हणजे एकच गोष्ट नाही

शोरूममध्ये "ऑटोमॅटिक आहे" एवढंच ऐकून पैसे भरू नका. कोणती, ते विचारा. चार प्रकार बाजारात आहेत आणि चौघांचा स्वभाव वेगळा आहे.

एएमटी हा सगळ्यात स्वस्त आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओत तो आणला आणि तिथून छोट्या गाड्यांत ऑटोमॅटिक परवडायला लागली. मारुतीवाले त्याला एजीएस म्हणतात. आत गिअरबॉक्स नेहमीचाच असतो, क्लच प्लेटही असते. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर एक यंत्रणा करते. म्हणून गिअर बदलताना मान किंचित पुढे-मागे होते. हा झटका दोष नाही, त्या पद्धतीचा तो गुणधर्म आहे. गिअर बदलतोय असं वाटलं की एक्सलेटरवरचा पाय जरा हलका केला तर तो बराच कमी होतो.

टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी, कसाला उतरलेली पद्धत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद जाते, त्यामुळे चाल मऊ असते आणि चढावर गाडी दमत नाही. ब्रेझा आणि अर्टिगामध्ये सहा गिअरचा असा गिअरबॉक्स मिळतो. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात; दोन पुली आणि त्यांवर फिरणारा पोलादी पट्टा असतो. होंडा अमेझमध्ये ती आहे. चालवायला सगळ्यात गुळगुळीत, पण एकदम पाय दाबला की आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. चौथी डीसीटी: दोन क्लच, एकावर १-३-५ आणि दुसऱ्यावर २-४-६ गिअर. चपळ आहे, महाग आहे. तिचा कोरडा क्लच असलेला प्रकार उन्हात आणि रांगेत सरकत-सरकत चालताना तापतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे माझ्या मते गावातल्या पहिल्या गाडीसाठी डीसीटीच्या वाटेला जाऊ नये.

पायरी तिसरी: पैसा, अॅव्हरेज आणि मिस्त्री

त्याच गाडीची एएमटी गिअरवालीपेक्षा साधारण ५०-६० हजारांनी महाग पडते. बाकीचे प्रकार लाखाच्या पुढे. "ऑटोमॅटिक पेट्रोल पिते" ही भीती एएमटीबाबत जुनी झाली. वॅगन-आरच्या १ लिटर पेट्रोल इंजिनाचं कंपनीचं प्रमाणित अॅव्हरेज गिअरच्या गाडीला २४.३५ आणि एएमटीला २५.१९ किलोमीटर आहे. रस्त्यावर दोन्हींना याहून कमीच मिळणार, पण दोघांत फरक नावापुरता, हे यातून कळतं.

आता मिस्त्रीचं खरं अर्धं. गिअरच्या गाडीची क्लच प्लेट तालुक्याच्या गॅरेजात बदलून मिळते. एएमटीची प्लेटही झिजते आणि बदलावी लागते, हे सेल्समन आपणहून सांगत नाही. आणि बदलल्यावर कॉम्प्युटर लावून तिची जुळणी करावी लागते. ते मशीन कंपनीच्या वर्कशॉपात असतं, आणि वर्कशॉप नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर अशा ठिकाणी. म्हणून गाडी बघण्याआधी हे करा: तुमच्या गावाहून जवळचं अधिकृत वर्कशॉप कोणतं ते शोधा, तिथे स्वतः जा, आणि सर्व्हिस मॅनेजरला विचारा, "याच मॉडेलच्या ऑटोमॅटिकचं काम तुम्ही इथेच करता की गाडी पुढे पाठवता?" पुढे पाठवतो म्हणाला तर त्या कंपनीची ऑटोमॅटिक तुमच्यासाठी नाही. दोन तासांच्या वाटेवर असं काम करून देणारं वर्कशॉप असेल तर मिस्त्रीची भीती सोडून द्या.

पायरी चौथी: टेस्ट ड्राइव्ह घरची माणसं बसवून

शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एकट्यानं मारलेली चक्कर काही सांगत नाही. पाच जण बसवा, एसी सुरू करा, आणि नवखा चालक असेल त्याला शेजारच्या सीटवर बसवा. मग तीन गोष्टी करून बघा. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा उचला. मागे किती सरकते ते बघा. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी एक-दोन सेकंद धरून ठेवते, आणि नवख्यासाठी ही सोय सनरूफपेक्षा शंभर पटीनं कामाची आहे. दुसरं, ४० च्या वेगावरून ओव्हरटेकसाठी पाय दाबा आणि गाडी किती वेळ विचार करते ते मोजा. तिसरं, रिव्हर्समध्ये फक्त ब्रेकवर हळूहळू मागे या. अंगणात, गोठा आणि विहिरीच्या मधून गाडी काढायची आहे, तेव्हा हेच लागेल.

आणखी एक: पांदणीनं जाणं-येणं असेल तर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, ते आधी बघा. गिअरचा वाद त्यानंतर.

पायरी पाचवी: शिका मात्र गिअरच्या गाडीवरच

घरी ऑटोमॅटिक येणार असली तरी शिकणाऱ्याला आधी गिअरची गाडी शिकवा. गावात वेळेवर मिळणारी दुसरी गाडी, मग ती शेजाऱ्याची असो की दुकानदाराची पिकअप, गिअरचीच असणार. अडीनडीला तीच हाताशी येते. चारचाकीचं लायसन्स दोन्ही प्रकारांना चालतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्यासाठी चाचणी देता येते, आणि तोवर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, गाडीवर एलची पाटी हवी.

जागा कोणती? आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसेल त्या दिवशी, किंवा हंगाम संपल्यावर जिनिंगचं आवार, मालकाला विचारून.

पहिल्या दिवशी एक्सलेटरला हातच लावायचा नाही, म्हणजे पायच लावायचा नाही. सपाट जागी गाडी सुरू करा, क्लच तळापर्यंत दाबा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. आता टाच जमिनीला टेकवून पंजा अगदी सावकाश वर आणा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, बोनेट केसभर वर उचलल्यासारखं वाटतं आणि स्टिअरिंगमधून हाताला थरथर लागते. तिथेच थांबा. पाय हलवू नका. गाडी आपसूक सरकायला लागेल. मग पुन्हा क्लच दाबा, ब्रेक लावा, थांबा. हे इतक्या वेळा करा की पायाला ती जागा डोळे मिटून सापडेल. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: या वेळी ओरडू नका. "अवं, सोड ना क्लच!" असं मागून कोणी ओरडलं की शिकणारी पाय झटक्यानं उचलते, गाडी बंद पडते, आणि तिची भीती दुप्पट होते. बायकांनी शिकणं अर्ध्यावर सोडलं ते गाडीमुळे नाही, शेजारी बसलेल्या माणसामुळे, असंच मला बहुतेक ठिकाणी दिसलं.

क्लच सापडला की गिअर सोपे. पहिला फक्त गाडी उचलायला, १५ च्या आसपास दुसरा, २५-३० ला तिसरा, ४० ला चौथा, ५५ च्या पुढे पाचवा. आकडे ढोबळ आहेत. कान लवकरच आवाजावरून ओळखायला लागतात. चालताना क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात मोडा, प्लेट त्यानंच जळते.

चढावर उचलणं शेवटी शिकवा. कालव्याच्या पुलावर चढणारा रस्ता यासाठी उत्तम. हँडब्रेक ओढलेला ठेवा, क्लच त्या थरथरीपर्यंत आणा, एक्सलेटर जरा द्या, गाडीचं नाक उचललं की हँडब्रेक सोडा. मागे इंचभर जात नाही.

पायरी सहावी: आता ऑटोमॅटिकवर बसा

डावा पाय कडेच्या टेकणीवर ठेवा आणि विसरून जा. गिअरच्या सवयीनं तो क्लच शोधायला उठतो, सापडतो रुंद ब्रेक, आणि गाडी जागेवर करकचून थांबते. पहिले दोन-तीन दिवस मैदानातच फिरवा, म्हणजे ती सवय तिथेच मोडेल. ब्रेक आणि एक्सलेटर दोन्ही उजव्याच पायानं.

सुरू करताना ब्रेकवर पाय, गिअर पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) वर. डी म्हणजे पुढे, आर म्हणजे मागे, आणि या दोघांत बदल फक्त गाडी पूर्ण थांबल्यावर. एएमटीत सहसा पी नसतो. तिथे उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढायचा. उतारावर असेल तर इंजिन गिअरमध्ये ठेवून बंद करायचं आणि चाकाला दगड लावायचा.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. डीमध्ये ब्रेक सोडला की ऑटोमॅटिक आपोआप पुढे सरकते. आपल्याकडे चालवणारा फाटक उघडायला इंजिन सुरू ठेवून खाली उतरतो. गिअरची गाडी न्यूट्रलला उभी असते, ऑटोमॅटिक डीमध्ये राहिली असेल तर ती तुमच्यामागे फाटकाकडे चालत येईल. उतरायचं असेल तर पी, किंवा एन आणि हँडब्रेक, आणि लेकरं आत असतील तर इंजिन बंद करून किल्ली खिशात. यात सवलत नाही.

चढावर थांबलात तर गाडी ब्रेकवर धरा, एक्सलेटरवर तोलू नका. एएमटी आणि डीसीटीचा क्लच असा तोलल्यानं तापतो आणि वास सुटतो. पेट्रोल वाचवायला उतारावर एन टाकून गाडी सोडू नका. तिथे इंजिनाची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

रस्त्यांप्रमाणे चालवणं

पावसाळ्यातली काळी माती हा आपला खास प्रश्न. टायरच्या खाचा गाऱ्यानं भरतात आणि टायर साफ गुळगुळीत होतो. एक्सलेटर दाबला की चाक जागेवर फिरतं आणि खड्डा खोल होत जातो. दोन्ही गाड्यांत उपाय एकच, ताकद कमी द्यायची. गिअरच्या गाडीत दुसऱ्या गिअरवर हलक्या पायानं निघा. एएमटीत कांडी एमवर (हातानं गिअर निवडायची जागा) घेऊन शक्य असेल तर २ निवडा, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये २ किंवा स्नो मोड असेल तर तो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा) इंजिनाची ताकद तोडत असेल तर बटणानं बंद करा. पुढे जात नसेल तर आलात त्याच चाकोरीतून मागे निघा. चाकाखाली बारदाना टाका. पऱ्हाटी टाकायचा मोह होतो, पण छाटलेली टोकं टायरच्या भिंतीत घुसतात. दोन प्रयत्नांत निघाली नाही आणि वास यायला लागला, तर थांबा आणि ट्रॅक्टर बोलवा. एनमध्ये ठेवून चार-पाच मीटर ओढून काढायला हरकत नाही. पण टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची गाडी टोचन करून तालुक्यापर्यंत नेऊ नका, आतला गिअरबॉक्स तेलाविना फिरून खराब होतो. तिला पुढची चाकं उचलून किंवा गाडीवर चढवूनच न्यायचं.

परतवाड्याहून चिखलदरा चढणं कोणालाही जमतं. जपायचं असतं उतरताना. सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि लागेनासा होतो. गिअरच्या गाडीत ज्या गिअरवर चढलात साधारण त्याच गिअरवर उतरा. ऑटोमॅटिकवाल्यांनी डीवर सोडून देऊ नये: एएमटीत एमवर २ किंवा ३, सीव्हीटीत एल (लो, म्हणजे उतारासाठीची जागा). बुलढाण्याच्या राजूर घाटातही हेच.

तालुक्याच्या दुपदरी रस्त्यावर कापसाची ट्रॉली ओलांडताना एएमटीचा क्षणभराचा विलंब जाणवतो. समोरचा रस्ता मोकळा दिसला की आधीच एमवर घेऊन एक गिअर खाली घ्या, मगच बाहेर निघा. रात्री रोही किंवा रानडुक्कर अचानक आडवं आलं तर मात्र ऑटोमॅटिक बरी: कचकन ब्रेक मारला तरी क्लच दाबायचा राहून गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडत नाही.

समृद्धी महामार्गावर गिअरचा वाद जवळजवळ मिटतो, वरचा गिअर पडला की तासन्‌तास तोच. तिथे कमाल १२० ची मर्यादा, टायरमधली हवा आणि झोप, यांकडे लक्ष द्या.

बॅटरी बसली तर

गिअरच्या गाडीला चार माणसं धक्का मारतात, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की ती सुरू होते. ऑटोमॅटिक धक्क्यानं सुरू होत नाही. म्हणून ऑटोमॅटिक घेतली की जंपर केबल डिकीत ठेवाच. गावात दुसरी कार नसली तरी ट्रॅक्टर असतोच, आणि त्याची बॅटरीही बहुधा १२ व्होल्टचीच असते. वर छापलेलं एकदा वाचून घ्या. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका, दोन्हींची इंजिनं बंद ठेवा. लाल केबलचं एक टोक बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या प्लसला. काळी ट्रॅक्टरच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर. मग ट्रॅक्टर सुरू करा, पाचेक मिनिटं चालू द्या, ब्रेकवर पाय ठेवून पी किंवा एनवर तुमची गाडी सुरू करा. सुरू झाली की केबल उलट्या क्रमानं काढा, आणि निदान अर्धा तास इंजिन बंद करू नका.